एआयचं डॉक्युमेंटेशन: हाताने सुधारलेली चूक पुढच्या मर्जला परत येते तेव्हा

कोडमधला बदल मुख्य ब्रँचवर मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, की पाइपलाइन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारी साखळी, चालते. बदललेल्या फायली भाषा-मॉडेलकडे जातात आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनची मार्कडाउन (साध्या खुणांच्या मजकुराची) पानं नव्याने लिहून रिपोत (कोडच्या साठ्यात) येऊन बसतात. सुरुवातीला सगळे खूश असतात. मग सपोर्टवाल्यांना एका पानावर चूक सापडते. कुणीतरी पान उघडून वाक्य सुधारतं, कमिट करतं. पुढच्या मर्जला तीच चूक, जवळपास त्याच शब्दांत, परत हजर. पुन्हा सुधारणा, पुन्हा तेच. अशा काही फेऱ्या झाल्या की लोक सुधारणं सोडतात आणि मग वाचणंही. तुमच्याकडे हेच चाललं असेल तर पाइपलाइन बंद करायची घाई करू नका. बिघाड बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नसतो, त्याच्या आधीच्या पायरीत असतो.

आमची टीम बडोद्यातली. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी डिस्पॅचचं सॉफ्टवेअर करतो: चलन, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावं लागणारं ऑनलाइन बिल), वजनकाट्याच्या नोंदी. म्हणून उदाहरणं त्यातलीच आहेत, पण निदानाची रीत कुठल्याही प्रोजेक्टला लागू पडेल.

एक चूक जवळून पाहू

ई-वे बिलाची मुदत अंतरावरून ठरते. 1 जानेवारी 2021 पासून साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि वर उरलेल्या अंतराला आणखी एक. त्याआधी हा आकडा 100 होता. माल 410 किलोमीटर जायचा असेल तर आजच्या नियमाने तीन दिवस, जुन्याने पाच. आमच्या कोडमधला हिशेब बरोबर होता. डॉकच्या पानावर मात्र प्रत्येक मर्जनंतर "दर 100 किलोमीटरला एक दिवस" असंच उमटायचं. डिस्पॅचच्या माणसाने त्या पानावर भरवसा ठेवून गाडी आरामात सोडली तर वाटेतच मुदत संपते, आणि जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली माल अडकू शकतो. मुदत वाढवून घेता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. थोडक्यात, ही शुद्धलेखनाची चूक नव्हती.

हा 100 आला कुठून? मुदत काढणाऱ्या फंक्शनमध्ये आकडा लिहिलेलाच नव्हता. फंक्शन अंतर घेतं, सेटिंगच्या टेबलातून एका दिवसाचं अंतर उचलतं, भागाकार करून उत्तर वरच्या पूर्णांकाला नेतं. मॉडेलला मिळाली ती फक्त या फंक्शनची फाइल. टेबल भरणारी मायग्रेशनची फाइल त्या मर्जमध्ये बदललेली नव्हती, म्हणून पाइपलाइनने ती पाठवलीच नाही. आता मुदतीबद्दल वाक्य लिहायचं तर आकडा हवा. आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल 1 एप्रिल 2018 ला लागू झालं, आणि तेव्हापासून 2020 संपेपर्यंत जे जे लिहिलं गेलं त्यात 100 हाच आकडा असणार. मॉडेलने वाचलेलं बरंचसं त्याच पोतडीतलं. रिकामी जागा त्याने आठवणीतून भरली.

चूक परत परत का येते तेही इथेच कळतं. माणूस सुधारतो पान, आणि पान दर वेळी पुसून नव्याने लिहिलं जातं. ज्या सामग्रीतून चूक जन्मली ती जशीच्या तशी राहते.

ज्यात वेळ घालवू नये

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला पाठवलेल्या सूचनेत, "फक्त खरं लिही, अंदाज करू नकोस" असं जोडणं हा पहिला मोह. थोडा फरक पडतो, पण आपण वाचून लिहितोय की आठवून, हे मॉडेलला स्वतःलाच खात्रीने वेगळं काढता येत नाही. मग विनंतीचा स्वर कितीही चढवा.

दुसरा मोह टेम्परेचर, म्हणजे उत्तर किती बदलतं राहील ते ठरवणारा आकडा, शून्यावर नेण्याचा. त्याने उत्तर स्थिर होतं, बरोबर होत नाही. चूकसुद्धा तितक्याच स्थिरपणे येते. आणि शून्यावरही हुबेहूब तोच मजकूर मिळेल याची हमी नसते, कारण सर्व्हरवर अनेकांच्या विनंत्या एकत्र बांधून चालवताना दशांशाच्या गणितात बारीक फरक पडतात.

तिसरा मोह सगळी रिपो एका दमात पाठवण्याचा. विंडो (मॉडेल एका वेळी वाचू शकेल तेवढा मजकूर) मोठी असली तरी लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातले तपशील निसटण्याची शक्यता जास्त असते. टोकनचं, म्हणजे मजकुराच्या ज्या तुकड्यांवर पैसे लागतात त्यांचं, बिल मात्र नक्की वाढतं.

महागडं मॉडेल घेतलं तर चुका घटतात, हे खरं. पण ज्या उरतात त्या इतक्या सफाईदार भाषेत असतात की तपासणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. माझ्या मते ढोबळ चुका करणारं स्वस्त मॉडेल आणि त्यामागे कडक तपासणी हा जास्त सुरक्षित जोड आहे.

वाचतंय की आठवतंय, हे कसं ओळखायचं

वेगळी ब्रँच काढा. सेटिंगमधला 200 बदलून 237 करा, म्हणजे नियमांच्या जगात कुठेच नसलेला आकडा. पाइपलाइन चालवा आणि पान बघा.

पानावर 237 आलं तर मॉडेल सामग्री वाचतंय. तुमची चूक दुसरीकडून येते आहे. 100 किंवा 200 आलं तर दोन शक्यता राहतात: आकडा मॉडेलपर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचूनही दुसऱ्या कशाने तरी त्याच्यावर मात केली. हे ठरवायला मॉडेलला गेलेला पूर्ण प्रॉम्प्ट हाताशी लागतो. बहुतेक पाइपलाइन उत्तर तेवढं साठवतात, प्रॉम्प्ट फेकून देतात. आजच्या आज प्रॉम्प्टही बिल्डच्या आर्टिफॅक्टमध्ये (साठवून ठेवलेल्या फायलींत) ठेवायला लागा. त्यावाचून पुढचं काहीच तपासता येत नाही. त्या फाइलमध्ये 237 शोधा. नसेल तर दोष सामग्री गोळा करणाऱ्या स्क्रिप्टचा. असेल तर बहुधा एखादी जुनी कॉमेंट खोटं बोलत असते.

कॉमेंटचा त्रास वाटतो त्याहून मोठा असतो. कोड बदलताना वरची ओळ बदलायचं राहून जातं, आणि सरळ वाक्यात सांगणाऱ्या कॉमेंटपुढे मॉडेल कोडचा अर्थ काढायच्या भानगडीत पडत नाही. गिट ब्लेम (कुठली ओळ कधी बदलली ते दाखवणारी आज्ञा) लावून कॉमेंटची तारीख आणि तिच्या खालच्या ओळींची तारीख ताडून पाहा. कॉमेंट 2019 ची आणि कोड 2021 चा असेल तर त्या कॉमेंटवर आधी संशय घ्या. ही तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिणं अवघड नाही, आणि तिची यादी बघून कुठल्याही जुन्या प्रोजेक्टवाल्याचा चेहरा उतरेल.

पॅरामीटरच्या नावांनाही हीच परीक्षा लावता येते. एका पॅरामीटरला ब्रँचवर मुद्दाम विचित्र नाव द्या. डॉकमध्ये जुनं नाव किंवा तिसरंच, "साधारणपणे असं असतं" छापाचं नाव आलं, तर मॉडेल सवयीने लिहितंय.

दुरुस्ती

पहिली आणि सर्वांत गुणकारी गोष्ट म्हणजे मॉडेलचं काम कमी करणं. फंक्शनची नावं, पॅरामीटर, त्यांचे टाइप, डिफॉल्ट किंमती, एरर कोड, सेटिंगचे आकडे हे सगळं कोडमधून अचूक काढता येतं आणि त्यासाठी एआय लागत नाही. डॉक्सिजन 1997 पासून हेच करतंय. पायथॉनवाल्यांना स्फिंक्सचं ऑटोडॉक आहे, जावावाल्यांना जावाडॉक, आणि फास्टएपीआयसारखं फ्रेमवर्क वापरत असाल तर टाइपांवरून ओपनएपीआयचा स्कीमा (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) आपसूक तयार होतो. नवीन साधन हाती आलं की जुनी कपाटात जातात, एवढ्याच कारणाने लोक हे काम मॉडेलला देतात. ते परत घ्या. आमच्याकडे सेटिंगच्या टेबलाचं पान आता एक साधी स्क्रिप्ट लिहिते, आणि गद्यात जिथे आकडा हवा तिथे मॉडेलला आकडा लिहायची परवानगीच नाही. ते एक खूण टाकतं आणि बिल्डच्या वेळी त्या जागी टेबलातला खरा आकडा बसतो.

उरतं ते गद्य: हा मॉड्यूल काय करतो, कुठून सुरुवात करायची, एरर आला तर काय बघायचं. इथे मॉडेल खरोखर कामाला येतं. फक्त प्रत्येक विधानामागे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक मागा, तोही वेगळ्या रचनेत, म्हणजे स्क्रिप्टला तपासता येईल असा. स्क्रिप्टने पाहायचं ते इतकंच: ती फाइल आहे का, ती ओळ आहे का, आणि विधानात आलेलं नाव त्या ओळीच्या आसपास सापडतं का. न सापडणारं विधान पानावर जात नाही. खोट्या संदर्भातूनही काही निसटेल, पण नसलेले फ्लॅग आणि काल्पनिक फंक्शन इथेच गळतात. उदाहरणादाखल दिलेल्या कोडला तर याहून सोपी कसोटी आहे: चालवून पाहा. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट त्यासाठीच आहे. चालत नसलेलं उदाहरण पानावर असण्यापेक्षा पान नसलेलं परवडलं.

मग सुधारणेचा रस्ता. आपोआप लिहिलेल्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी खुणा घाला आणि त्या खुणांच्या मधल्या मजकुराचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा छोटा ठसा) साठवून ठेवा. कुणी आत हाताने बदल केला की हॅश जुळणार नाही. तिथे बिल्ड लाल करा आणि संदेशात स्पष्ट लिहा की दुरुस्ती कुठे करायची: डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शनच्या वर्णनात), सेटिंगमध्ये, की शब्दांच्या यादीत. सुरुवातीला लोक कुरकुरतात. एका वाक्यासाठी एवढा व्याप कशाला, म्हणतात. पण तीच सुधारणा महिनोन्महिने करत राहण्यापेक्षा हा व्याप कमी आहे, हे फार समजावून सांगावं लागत नाही.

बिल एकाला, माल दुसऱ्याला

शब्दांची यादी म्हटलं ती कशासाठी, ते सांगतो. आमच्या कोडमध्ये पंधरा वर्षांचे थर आहेत. एकीकडे "पार्टी", दुसरीकडे "कस्टमर", कुठे "कन्सायनी", कुठे "शिप-टू". कॉमेंटही रोमन लिपीतल्या मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, लिहिणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मूडप्रमाणे. मॉडेलने वाचकाची सोय म्हणून या सगळ्यांना "ग्राहक" करून टाकलं. वाचायला छान. पण बिल मुंबईच्या ऑफिसला आणि माल पिथमपूरच्या कारखान्याला जात असेल तर ते दोन वेगळे पत्ते आहेत, आणि ई-वे बिलाचं अंतर माल जिथे उतरणार तिथपर्यंत धरायचं असतं. "ग्राहकाच्या पत्त्यापर्यंतचं अंतर" या वाक्यातला प्रत्येक शब्द निरुपद्रवी दिसतो आणि वाक्य मात्र अर्ध्या व्यवहारांत चुकीचं ठरतं.

ही चूक ओळ क्रमांकाच्या तपासणीत पकडली जात नाही, कारण संदर्भ खरेच असतात. तिला उपाय एकच: प्रोजेक्टच्या संज्ञांची एक फाइल, जी माणसं लिहितात आणि जी प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर जाते. त्यात संज्ञा, तिचा अर्थ, कोडमधली तिची सगळी नावं, आणि तिच्यात मिसळू नयेत अशा संज्ञा. बडोद्याच्या लोकांना हे पटायला हरकत नसावी. सयाजीरावांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश 1931 साली छापला गेला होता. आमची यादी एका पानाची आहे आणि तेवढी पुरते. ती फुगायला लागली की समजा, नावं कोडमध्येच बदलायची वेळ आली.

प्रत्येक वेळी अख्खं पान बदलतं

ही तक्रार वेगळी वाटते, पण वरच्याच दुखण्याला हातभार लावते: डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) दोनशे ओळी लाल-हिरव्या झाल्या की तपासणारा डोळे मिटून मंजुरी देतो, आणि 100 किलोमीटर त्यातूनच आत येतं.

इथे उपाय भराभर सांगतो. मॉडेलची तारखेची ठरावीक आवृत्ती वापरा, "लेटेस्ट" असं मोघम नाव नको. जुनं पानही प्रॉम्प्टमध्ये द्या आणि फक्त खोटी ठरलेली वाक्यं बदलायला सांगा. मार्कडाउनमध्ये एका ओळीवर एकच वाक्य ठेवा, म्हणजे डिफ वाचता येतो. आणि फंक्शन खरंच बदललं असेल तरच पान लिहायला घ्या: फाइलच्या हॅशऐवजी सिंटॅक्स ट्रीचा (कोडच्या रचनेच्या आराखड्याचा) हॅश घेतला की मोकळ्या ओळी आणि फॉर्मॅटिंगमुळे पानं हलत नाहीत. पायथॉनमध्ये यात एक मेख आहे. साध्या कॉमेंट ट्रीमध्ये येत नाहीत, पण डॉकस्ट्रिंग येतात. तुमची पाइपलाइन डॉकस्ट्रिंगही लिहीत असेल तर तिचं स्वतःचंच लिखाण तिला बदल वाटतं आणि ती पुन्हा धावते. हॅश काढण्याआधी डॉकस्ट्रिंग वगळा.

स्वतःच्या शेपटीमागे धावण्याचा दुसरा प्रकार बॉटच्या कमिटचा. गिटहबच्या अ‍ॅक्शन्समध्ये जॉबला आपोआप मिळणाऱ्या टोकनने (इथे प्रवेशाची किल्ली) पुश केलं तर त्यातून नवी पाइपलाइन सुरू होत नाही. काही अडलं म्हणून कुणी तिथे स्वतःचं पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन घातलं की होते, आणि रात्रभर कमिटांची माळ लागते. कमिट करणारा बॉट असेल तर थांबायचं, ही अट पाइपलाइनच्या तोंडाशीच घाला.

उडवलेल्या फायलींचंही बघा. पाइपलाइन "बदललेल्या फायली" घेते. काढून टाकलेल्या फाइलचं पान कुणीच उघडत नाही आणि ते शोधात वर येत राहतं. गिट डिफला फक्त काढलेल्या आणि नाव बदललेल्या फायली दाखवायचा फिल्टर आहे, तो लावून अनाथ पानांची यादी काढा.

टेस्टच्या डेटाकडेही एकदा लक्ष द्या. फंक्शनबरोबर त्याच्या टेस्ट पाठवल्या तर गद्य सुधारतं, यात शंका नाही. पण टेस्टमध्ये खऱ्या पार्टीचा पंधरा अक्षरी जीएसटीआयएन आणि खरा गाडी नंबर असेल तर तोही बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि पुढे कधीतरी उदाहरण म्हणून डॉकच्या पानावर छापून येतो. नमुन्याचा डेटा बनावटच हवा.

"का" हा रकाना

एवढं सगळं केल्यावर एक प्रकारची चूक उरते आणि ती कुठल्याच स्क्रिप्टला सापडत नाही. आमच्या कोडमध्ये ई-वे बिलाची विनंती पाठवण्याआधी प्रोग्रॅम थोडा थांबतो. डॉकमध्ये त्याचं कारण आलं: "पोर्टलवरचा भार कमी करण्यासाठी." अगदी समंजस कारण. खरं कारण असं की एका कारखान्याचा वजनकाटा अंतिम वजन उशिरा पाठवतो, आणि न थांबता विनंती गेली तर बिलावर आधीचं वजन पडतं. हे कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मूळ कमिटच्या संदेशात होतं, पण स्क्वॉश मर्जमध्ये (सगळे कमिट एकात दाबताना) तो संदेश गेला.

इथे मॉडेलचा दोष काढण्यात अर्थ नाही. माहिती रिपोत नव्हतीच. "का" लिहिण्याची मनाई मॉडेलला सरसकट करा. कारणांसाठी निर्णयांच्या छोट्या नोंदी ठेवा. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या तज्ज्ञाने 2011 मध्ये सुचवलेला साचा अजूनही पुरतो: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. मॉडेलने या नोंदी वाचायच्या, त्यांच्याकडे दुवा द्यायचा, त्यात लिहायचं नाही.

अडचण अशी की नोंद लिहायला कुणी बसत नाही. डिस्पॅचची वेळ झालेली असते, पार्टीचा फोन चालू असतो. म्हणून आम्ही उलटा प्रयोग केला आणि तो टिकलाय: पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) उघडली की मॉडेलने डॉक लिहायचं नाही, प्रश्न विचारायचा. एकच, आणि तोही बदललेल्या ओळीवर बोट ठेवून. "थांबण्याची वेळ वाढवली आहे. कशामुळे?" असा. उत्तर कुठल्याही भाषेत चालतं. परवाचं उत्तर होतं, "काट्यावाल्याने केबल बदलली, आता आणखी स्लो झालंय, भाईंना सांगितलंय." त्यातून मॉडेलने तीन ओळींची नोंद तयार केली, उत्तर देणाऱ्याने ती वाचून "भाईंना" या जागी खात्याचं नाव घातलं आणि मर्ज केलं. एखाद्याने उत्तर दिलंच नाही तर नोंदीत कारणाचा रकाना रिकामा राहतो आणि डॉकच्या पानावर "कारण नोंदवलेलं नाही" असं येतं. सपोर्टवाले त्या ओळीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात, आणि उत्तर संध्याकाळपर्यंत येतं.